जहाजाची डावी बाजू

त्या घरात जेवणाचं टेबल होतं, पण त्यावर कुणी जेवत नसे. त्यावर जहाज होतं. जेवायची वेळ झाली की नवरा-बायको स्वयंपाकघरात ओट्याशी स्टुलं ओढून बसत, आणि पाहुणे आले तर त्यांनाही तिथंच बसवत. पाहुणे हळूहळू कमी झाले. याचं दोघांपैकी कुणालाही काडीचं वाईट वाटलं नाही.

नवऱ्याचं पूर्वी चष्म्याचं दुकान होतं. उभा जन्म काचा घासण्यात गेल्यामुळे त्याला केसभर फरकही सहन होत नसे, मग तो काचेतला असो की भाजीच्या फोडीतला. दुकान बंद करून त्यानं जहाज बांधायला घेतलं आणि गल्लीनं त्याचं बारसं केलं: कप्तान. बायको शाळेत चित्रकला शिकवायची. तिला सगळं गाव बाई म्हणे आणि कप्तानही बाईच म्हणे. लग्नाआधी तो तिला वेगळ्या नावानं हाक मारायचा असं ती सांगायची, पण ते नाव काय होतं हे विचारलं की दोघंही खिडकीबाहेर बघायला लागायचे.

जहाज जुनं होतं, म्हणजे खरं जहाज जुनं. तीन डोलकाठ्यांचं, शिडांचं, दोन्ही अंगांना तोफांसाठी चौकोनी खिडक्यांच्या रांगा असलेलं लढाऊ जहाज. एक अख्खी वस्ती पोटात घेऊन ते समुद्रावर फिरलं आणि म्हातारपणी कुठल्याशा धक्क्याला लागून तिथंच मोडीत निघालं. आता ते पुन्हा टेबलावर जन्माला येत होतं, लाकडाचंच, पण इतकं लहान की त्यावरचा खलाशी बोटाच्या पेराएवढा झाला असता. मधोमध लांबच लांब कणा, कण्याला दोन्हीकडे फासळ्या. अजून तरी ते जेवून उरलेल्या मोठ्या माशाच्या काट्यासारखं दिसत होतं. त्या फासळ्यांवर लाकडाच्या पातळ, लांब पट्ट्या एकीला लागून एक चिकटवत जायचं, म्हणजे काट्यावर पुन्हा अंग चढायचं.

या कामाचा एक नियम आहे आणि तो मोडून चालत नाही. एक पट्टी उजवीकडे लावली की दुसरी डावीकडे लावायची. पट्टी गरम पाण्यात भिजवून, वाफेवर वाकवून लावतात, आणि वाळताना ती आकसते, कण्याला आपल्याकडे ओढते. दोन्हीकडून सारखी ओढ असली तर कणा सरळ राहतो. एकीकडूनच ओढलं तर वाकतो. मोठमोठ्या संसारांचं याहून वेगळं काही असतं असं मला वाटत नाही, पण ते असो.

कप्तान उजव्या हाताचा, बाई डावखुरी. त्यामुळे वाटणी आपोआपच झाली. उजवी बाजू त्याची, डावी तिची. टेबलाच्या दोन बाजूंना दोघं समोरासमोर बसत, मधे जहाज. तो एक पट्टी तासून, घासून, भिंगाखाली धरून, पुन्हा घासून लावेपर्यंत बाईची पट्टी लागून वर चहा पिऊन झालेला असे. "झालं का हो? की मी एक डुलकी काढू?" असं ती फासळ्यांमधून विचारायची. तिला मागे पडलेलं खपत नसे. एखाद्या दिवशी तिला बाजारातून यायला उशीर झाला आणि कप्तानाची पट्टी आधी लागली, तर ती पिशवी दारातच टाकून, पायातलं न काढता टेबलाशी येऊन बसायची. त्या वेळी तिची जी तारांबळ उडायची ती बघण्यासाठी कप्तान मुद्दाम तिला बाजारात पाठवायचा, असा माझा दाट संशय आहे.

दुपारी त्या खोलीत एक गंमत व्हायची. खिडकी कप्तानाच्या पाठीमागे होती. तिच्यातून ऊन यायचं, किटलीची वाफ त्या उन्हात तरंगत राहायची, ओल्या लाकडाचा वास दाटायचा आणि टेबल हळूच हलल्यासारखं वाटायचं. दोघं बोलायची थांबायची. घरात नळाचं पाणी सोडलं तर थेंबभर पाणी नव्हतं, पण कुठून तरी लाकडावर लाटा थडकल्याचा आवाज यायचा. "ऐकू येतंय?" बाई विचारायची. "हं," तो म्हणायचा. बस्स, एवढंच. त्यावर दोघांनी कधी चर्चा केली नाही.

अशाच एका दुपारी बाईनं पट्टी उचलली आणि थोड्या वेळानं अगदी साध्या आवाजात विचारलं, "अहो, ही पट्टी माझ्या हातात आहे का?"

पट्टी जमिनीवर पडली होती. बाई आपल्या डाव्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखी बघत होती.

रस्त्याच्या टोकाला चढावर हॉस्पिटल होतं. तिथं बाईला ठेवलं. मेंदूतल्या एका नसेत गुठळी अडकली होती. जीव वाचला, बोलणं थोडं संथ झालं, पाय जरा घासत चालेल म्हणाले. हाताबद्दल डॉक्टर म्हणाले, "व्यायाम करत राहू. पण फार आशा धरू नका." कप्तानानं त्यातलं "व्यायाम करत राहू" एवढंच घरी आणलं. बाकीचं तिथंच लिफ्टपाशी सोडून आला.

पहिले काही दिवस त्यानं जहाजाला हात लावला नाही. संध्याकाळी हॉस्पिटलातून यायचा, आपल्या खुर्चीत बसायचा आणि फासळ्यांमधून समोरची रिकामी खुर्ची बघत राहायचा. मग एके दिवशी त्याच्या मनात आलं, आपण एक पट्टी पुढे गेलो तर? तिला मागे पडलेलं खपत नाही. तिला कुठूनही कळेल. ती अस्वस्थ होईल, पलंगावर उठून बसेल, तिचा हात शिवशिवायला लागेल.

वेडेपणाच होता. पण माणूस एकटा पडला की त्याला असली गणितं सुचतात आणि ती चक्क बरोबर वाटतात. त्यानं पट्टी भिजवली, वाकवली, उजव्या बाजूला लावली. दुसऱ्या दिवशी बाईनं व्यायाम शिकवणाऱ्या मुलीच्या आधारानं खोलीतल्या खोलीत चार पावलं टाकली. झालं! कप्तानाला आणखी काय पुरावा हवा होता? तो घरी आला आणि दुसरी पट्टी लावायला बसला.

"कुठवर आलं जहाज?" बाई विचारायची.

"टेबलावरच आहे."

"हात नाही ना लावलात?"

"तुझ्याशिवाय?" कप्तान म्हणायचा. सरळ खोटं त्याला बोलता येत नसे, म्हणून तो प्रश्नाच्या आडोशाला उभा राहायचा.

बाई उशीवर मान टेकून डोळे मिटायची. "मला इथं रोज दुपारी जहाज दिसतं हो. म्हणजे मी जहाजातच असते. आत, खाली. पलंग हलतो, वर कुणीतरी दोर ओढत असतं. आणि गंमत म्हणजे डावीकडे भिंतच नाही. उजवीकडे फळ्या आहेत, आणि डावीकडे नुसता उजेड. पण पाणी आत येत नाही. उलट इतकं बरं वाटतं."

डॉक्टर म्हणाले असते, या आजारात माणसाला डावीकडचं भान कमी राहतं, त्यात नवल नाही. पण कप्तानानं त्यांना विचारलंच नाही. त्याला पक्कं कळलं होतं. बाई जहाजात होती. त्यानं लावलेल्या पट्ट्या तिला आतून दिसत होत्या. आणि डावी बाजू उघडी होती म्हणूनच तिला बाहेर यायला वाट होती.

त्या दिवसापासून त्याची डाव्या बाजूकडे बघण्याची नजरच बदलली. तिथं पट्टी लावायचा विचारसुद्धा त्याला दार बाहेरून लावून घेतल्यासारखा वाटू लागला. उजवीकडे मात्र काम जोरात चाललं. इतक्या वेगानं त्यानं आयुष्यात काही केलं नव्हतं. एखादी पट्टी केसभर इकडेतिकडे झाली तरी तो पुढे जायचा. संध्याकाळी मान वळवून बघितलं की खिडकीतून चढावरचं हॉस्पिटल दिसायचं. त्याच्या उजळलेल्या खिडक्यांची रांग अंधारात हळूहळू सरकतेय असं वाटायचं. आणि टेबलावरच्या जहाजाचं नाक रोज थोडं थोडं त्या खिडकीकडे वळत होतं.

हो, वळत होतं. कप्तानाला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा तो घाबरला नाही, हरखला. ज्या माणसानं जन्मभर लोकांची नजर तपासली त्याला एक वाकलेला कणा ओळखता आला नाही, असं कोण म्हणेल? ओळखता आला होता. पण त्यानं स्वतःला सांगितलं, जहाज वळतंय. तिच्याकडे निघालंय.

बाईला घरी सोडायचं ठरलं तेव्हा लेक आली. दुसऱ्या गावी असते ती, घरात पाऊल टाकल्याबरोबर कामाला लागते. आईचा पलंग कुठं ठेवायचा, न्हाणीघरात धरायला दांडी कुठं ठोकायची, हे सगळं ठरवत ती टेबलापाशी आली आणि थबकली.

"बाबा, हे वाकलंय."

"वळतंय," कप्तान म्हणाला.

लेकीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. माहेरी आली की याच टेबलाशी बसून तिनं नियम ऐकला होता. एक या बाजूला, एक त्या बाजूला. "तुम्ही एकाच बाजूला लावत बसलात? एवढ्या?" मग तिचा आवाज खाली आला. "थांबा. मी बसते समोर. आईच्या बाजूच्या मी लावते. जेवढं सावरेल तेवढं सावरू."

तिनं बाईची खुर्ची ओढली मात्र, कप्तान ताडकन उठला. "ती तिची जागा आहे! हात लावायचा नाही!"

लेकीशी तो असा कधीच बोलला नव्हता. ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. डोळे भरले होते, पण ती मागे हटली नाही. आईवर गेली होती.

"बाबा, आईचा हात परत येणार नाहीये. डॉक्टरांनी मला सांगितलं, तुम्हालाही सांगितलंय. आणि उद्या ती घरी येणार, या टेबलाकडे बघणार, तुम्ही तिच्या हाताची वाट बघत बसलेले तिला दिसणार. तिला काय वाटेल?"

कप्तान खाली बसला. त्यानं पहिल्यांदाच कण्याच्या एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकाकडे बघितलं, जसं बघायला हवं तसं. दुसरं टोक दिसतच नव्हतं. ते बाजूला निघून गेलं होतं. जहाज कुठंही निघालं नव्हतं. टेबलावर एक वाकडं लाकूड होतं, ते त्यानंच वाकवलं होतं, आणि बाईला दाखवण्यासारखं त्याच्यापाशी दुसरं काहीच नव्हतं.

बाई दुसऱ्या दिवशी आली. काठी टेकत, लेकीच्या आधारानं, एक पाय ओढत. पलंग तयार होता. त्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ आपल्या खुर्चीत जाऊन बसली, डावा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला, जसं आपण शेजारच्याचं सामान जपून ठेवतो. मग बघत राहिली. तिच्या बाजूच्या उघड्या फासळ्यांमधून तिला आतून त्याच्या पट्ट्या दिसत होत्या. तिनं एक डोळा मिटला आणि वाकून कण्यावरून नजर फिरवली.

लेक स्वयंपाकघरात गेली. काय होणार ते तिला बघवत नव्हतं.

"मला म्हणालात, हात लावला नाही."

"खोटं बोललो."

"ते कळत होतं. तुमच्या नखांत डिंक असायचा." बाईचं तोंड एका बाजूनं हसलं. "पण मला वाटलं, दोन्हीकडे लावत असाल. माझ्या बाजूला का नाही लावल्या?"

कप्तानानं सांगायचा प्रयत्न केला. तुला मागे पडलेलं खपत नाही म्हणून. तू चार पावलं चाललीस म्हणून. तू आत होतीस आणि बाहेर यायला वाट हवी होती म्हणून. सांगता सांगता त्याचं त्यालाच ते इतकं पोरकट वाटलं की शब्द अडले, आणि मग तो रडला, म्हाताऱ्या पुरुषांना रडायची सवय नसते तसा, मोठ्यानं आणि बेसूर.

बाईनं त्याला रडू दिलं. रडणं संपल्यावर म्हणाली, "एवढे दिवस तुम्ही माझ्या हाताची वाट बघत होतात. अहो, हात नाही आला. मी आलेय. मला बघाल का जरा?"

त्यानं बघितलं. तिचे केस हॉस्पिटलात कुणीतरी आखूड कापले होते. एक भुवई थोडी खाली उतरली होती. इतके दिवस रोज पलंगाशी बसूनही त्यानं हे पाहिलं नव्हतं. तो हाताकडेच बघत होता.

"काढा त्या सगळ्या," बाई म्हणाली.

पट्ट्या लावायला जेवढा जीव लागतो त्याहून जास्त काढायला लागतो. गरम पाण्यात पिळलेलं फडकं पट्टीवर धरायचं, डिंक मऊ होईपर्यंत थांबायचं, मग पातळ सुरी हळूच आत सरकवायची. फडकं बाई धरायची, उजव्या हातानं. सुरी कप्तान चालवायचा. काही पट्ट्या अख्ख्या सुटल्या, काही मोडल्या. लेक जायच्या दिवसापर्यंत जहाज पुन्हा काटाच झालं होतं. मग दोन सरळ जाड फळ्यांच्या मधे कणा शिकंज्यात आवळून, ओलं फडकं गुंडाळून ठेवून दिला. शिकंजा काढला तेव्हा कणा बराचसा सरळ झाला होता. किंचित वाक राहिला. भिंग लावल्याशिवाय दिसला नसता, पण कप्तानानं भिंग लावलंच.

"राहू दे," बाई म्हणाली. "माझ्यातही राहिलाय."

ज्या दिवशी पहिली पट्टी पुन्हा लावायची होती त्या दुपारी खोलीत ऊन होतं, किटली होती, वाफ होती. कप्तानानं पट्टी तासून, वाकवून तयार ठेवली आणि विचारलं, "आधी कुणाची?"

"माझी. मी मागे आहे."

तिनं उजव्या हातात पट्टी घेतली. त्या हातानं तिनं कधी चमचासुद्धा नीट धरला नव्हता. पट्टी थरथरली, फासळीवर आपटली, डिंक भलतीकडेच लागला. कप्तानाचे हात आपोआप पुढे आले. त्यानं ते मागे घेतले आणि मांडीखाली दाबून बसला. पट्टी शेवटी टेकली. तिरकी. केसभर नव्हे, चांगली तांदळाच्या दाण्याएवढी तिरकी.

"जहाज कलतं करा," बाई म्हणाली. "दाबून धरायला हवी. नाही तर उचकटेल."

कप्तानानं जहाज उजव्या अंगावर कलतं करून उशीवर टेकवलं. बाईची बाजू वर आली. चिमटे शोधायला तो वळला, तेवढ्यात बाईनं उजव्या हातानं आपला डावा हात मनगटाशी धरून उचलला आणि त्या पट्टीवर ठेवला. पसरून, बोटं एकेक करून सरळ करून.

"वजन तर आहे ना त्याला," ती म्हणाली. "फुकट काय सांभाळायचा?"

कप्तानाला हसू आलं. तो पुन्हा खुर्चीत बसला. डिंक वाळेपर्यंत काही करण्यासारखं नव्हतं. ऊन बाईच्या हातावर आलं, तिथून फासळ्यांमधून जहाजाच्या पोटात उतरलं. टेबल हळूच हललं. लाटा थडकल्या.

"ऐकू येतंय?"

"हं," बाई म्हणाली.

डिंक वाळल्यावर त्यानं आपली पट्टी घेतली. भिंग कपाळावर होतं, ते खाली ओढलं नाही. आधी तिचा हात जपून तिच्या मांडीवर ठेवला आणि तिच्या बाजूला वाकून तिची पट्टी कुठून निघालीय, कुठं उतरलीय ते नीट पाहिलं. मग उशी काढून जहाज दुसरीकडे कलतं केलं आणि आपली पट्टी टेकवली. जन्मात पहिल्यांदा त्यानं एक गोष्ट ठरवून वाकडी लावली. बरोबर तिच्याइतकी.

बाईनं फासळ्यांमधून पाहिलं. "तिरकी लागली की तुमची."

"हो."

"मुद्दाम?"

"दोन्हीकडून सारखी ओढ नको का," कप्तान म्हणाला, आणि पट्टीवर अंगठा दाबून धरला.